'पण ते असो'

पत्र

ताई, सप्रेम सलाम. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ माग. जानेवारीपासून ठरवलं की वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून काढायचं. मोबाइलवर ॲप घेतलंय. रोज तीन अध्याय, रविवारी पाच. पहाटे साडेपाचला बसतो. एकही दिवस चुकलेला नाही, आता शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकापर्यंत आलोय. पण खरं सांगू का, दुपारी कोणी विचारलं की सकाळी काय वाचलंत, तर आठवत नाही. वाचताना काही वाटतही नाही. बायको म्हणते, तुमचं वाचन झालं की आवाज चढतोच. पाणी येतं त्या दिवशी तर हमखास भांडण, कारण नेमकी तीच वेळ. यिर्मया 29:11 स्टेटसला ठेवलंय, रोज बघतो. लेवीय या पुस्तकात मजुराच्या मजुरीचं वचन आलं तिथे जरा अडखळलो होतो, कारण कांड्या (मागासाठी सुताच्या नळ्या) भरणारी एक बाई दिवाळीच्या तोंडावर न सांगता काम सोडून गेली, तिचा आठवड्याचा पगार माझ्याकडेच राहिलाय. पण ते असो. माझ्यात विश्वासाची उणीव आहे का? चार वाजता उठू का? कारखान्यात सकाळी पाच मिनिटं प्रार्थना सुरू करावी असंही मनात आहे, कामगारांना माझ्या विश्वासाची साक्ष होईल. खंडेनवमीला ते मागांना हार घालतात तेव्हा मी बाजूला उभा राहतो. आणि मननासाठी एखादं चांगलं पुस्तक सुचवा.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर

भाऊ, सप्रेम सलाम.

तुमचं पत्र वाचताना मी 'पण ते असो' या शब्दांपाशी थांबले आणि बराच वेळ पुढे गेलेच नाही. तुम्ही म्हणता वाचताना काही वाटत नाही. वाटलं होतं की! लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात वाटलं होतं. तिथे वचनाने तुमचा सदरा धरला, तुम्ही तो सोडवून घेतला, कारण त्या दिवसाचे तीन अध्याय पुरे करायचे होते. त्यानंतर काही आठवत नाही, काही लागत नाही, यात मला नवल वाटत नाही. एक हिशोब उघडा ठेवून माणूस पुढची पानं वाचू लागला की पुढची पानं मुकीच होतात.

तेव्हा विश्वासाची उणीव वगैरे मोठे शब्द तूर्त बाजूला ठेवू. तुमचं दुखणं त्याहून लहान आहे आणि त्यावर उपाय आहे.

आधी तो अध्याय पुन्हा उघडा. या वेळी एकटाच, पुढचे-मागचे अध्याय नकोत. एकोणिसाव्या अध्यायाची नववी ओळ: शेताची कापणी करताना बांधाच्या कडेपर्यंत कापू नको, सरवा, म्हणजे कापणीनंतर पडलेली कणसं, वेचू नको, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. मग चोरी करू नका, खोटं बोलू नका. तेराव्या ओळीत शेजाऱ्याला लुबाडू नको आणि मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवू नको. लगेच पुढे बहिऱ्याला शिव्या देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. न्याय करताना गरिबाचीही भीड धरू नको आणि थोरामोठ्याचीही. चहाड्या करू नको. आणि अठराव्या ओळीत ते वाक्य येतं, जे आपल्या मंडळीत, चर्चमध्ये, लहान पोरंसुद्धा पाठ म्हणतात: आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर.

प्रभू येशूने सगळ्यात मोठ्या आज्ञांमध्ये जी दुसरी सांगितली, ती ही. आणि ती कुठे बसलीय बघा. मजुरीच्या वचनापासून जेमतेम पाच ओळींवर. शेजाऱ्यावर प्रीती म्हणजे काय, हे मोशेच्या नियमशास्त्राने आधी पगार, बांध, न्याय आणि जीभ यांच्या भाषेत सांगून टाकलं, मग प्रीती हा शब्द काढला. अध्याय संपता संपता तराजू आणि मापंही येतात, खरी असू द्या म्हणून. टॉवेल वजनावर विकणाऱ्याने ते वचन वाचून पुढे जावं की नाही, हे मी तुमच्यावर सोडते.

बरं, तुम्ही त्यानंतर गणना आणि अनुवाद ही पुढची पुस्तकंही वाचून काढलीत. म्हणजे अनुवाद 24 डोळ्यांखालून गेलाच असणार. तिथे तीच आज्ञा पुन्हा येते, आणखी कडक होऊन: मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो. त्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. पहिल्या वेळी अडखळलात, दुसऱ्या वेळी अडखळलाही नाहीत. त्यानंतर रूथचं पुस्तकही झालं. त्या विधवा सुनेला बवाजाच्या शेतात सरवा वेचता आला, तो लेवीय 19 मधला बांधाचा नियम पाळणारा एक शेतमालक होता म्हणून. तुम्ही ती गोष्ट शेतमालकाच्या जागेवर बसून वाचलीत का? आठ मागांचा धनी म्हणजे आपल्या भागात बवाजच म्हणायचा, लहानसा का होईना.

आता त्या बाईंचं. तुमच्या मनातली उत्तरं मला इथे बसून ऐकू येतात. न सांगता गेली. दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर होत्या. दुसरी बाई मिळेपर्यंत दोन माग बंद राहिले. सगळं खरं असेल. पण तिने त्या आठवड्यात भरलेल्या कांड्या तुम्ही वापरल्यात, त्यांचा टॉवेल विणला गेला, विकला गेला, पैसे आले. तिने उचल घेतली असेल आणि ती बाकी असेल तर हजेरी वही काढा, रीतसर वजा करा, आणि वजाबाकी तिला कागदावर दाखवा. उचल नसेल तर पूर्ण आठवडा. कोणाकरवी पाठवू नका. तिला कारखान्यात बोलावूही नका, चार माणसांसमोर बाईमाणसाला जुन्या मालकासमोर उभं करणं बरं नव्हे. तुम्ही आणि वहिनी दोघं तिच्या घरी जा, एखाद्या दिवशी संध्याकाळी. पैसे मोजून द्या, उशीर झाला म्हणून सांगा, आणि मग विचारा की का गेलीस. उत्तर येईल ते ऐकून घ्या. घरात कोणी आजारी असेल, मुलगी बाळंतपणाला आली असेल, विड्यांच्या कारखान्यात जास्त मिळत असतील. किंवा, तयारी ठेवा, कारण तुमचा आवाजही असेल.

हे येत्या रविवारच्या आत करा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. तिथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की उपासनेच्या मधोमध उठून जायला तो सांगतो. तुमचे तीन अध्यायही त्यात आले.

आणि एक विनंती. पैसे देऊन आलात की रविवारी मंडळीत याची साक्ष देऊ नका. मला माहीत आहे, पाळकसाहेब 'कोणाची साक्ष आहे का' म्हणून विचारतील आणि तुमचे पाय आपोआप उठतील. बसून राहा. तिच्या गरिबीवर तुमची साक्ष उभी राहायला नको.

आता वाचनाकडे येते. वर्षभरात पूर्ण बायबल वाचण्यात काही वावगं नाही. पवित्र शास्त्राचे 1189 अध्याय, रोज तीन आणि रविवारी पाच धरले की वर्षात बसतात, तुमच्या ॲपचं गणित बरोबर आहे. ही रीत जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये डंडीच्या रॉबर्ट मरे मॅकशेन नावाच्या तरुण पाळकाने 1842 साली आपल्या मंडळीसाठी असं वर्षभराचं वेळापत्रक करून दिलं, ते आजही जगभर लोक वापरतात. पण त्या माणसाने वेळापत्रकासोबत त्यातले धोकेही लिहून दिले होते. वाचन नुसता रिवाज होईल, आपण किती वाचतो याचा मनात गर्व येईल, भरभर आणि निष्काळजीपणे वाचलं जाईल, आणि कोणाकोणाला ते जड जू वाटेल. वेळापत्रक राहिलं, इशारा गळून पडला. ॲपमध्ये तर खूण पडल्यावर शाबासकीच मिळते. तुम्ही रोजचे पीस मोजावेत तसे अध्याय मोजू लागलात, यात तुमच्या धंद्याचीही सवय थोडी आहे, रागावू नका.

तर सध्या ते ॲप बंद ठेवा. शमुवेल कुठे पळून जात नाही. मार्ककृत शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत, आणि एका दिवशी एकच प्रसंग वाचा. अध्याय नव्हे, प्रसंग. कफर्णहूमच्या सभास्थानातला, पक्षाघाती माणसाला छप्पर उसकून खाली सोडल्याचा, लेवी जकातदाराच्या घरच्या जेवणाचा. मोठ्याने वाचा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तो कूशी (इथिओपियाचा) अधिकारी रथात बसून यशयाचं पुस्तक वाचत असतो आणि सुवार्ता सांगत फिरणाऱ्या फिलिप्पाला ते ऐकू येतं. जुन्या काळी वाचणं म्हणजे बहुधा तोंडाने वाचणंच होतं. मोठ्याने वाचलं की डोळे पुढे पळू शकत नाहीत. एकदा वाचा, थांबा, पुन्हा वाचा. दुसऱ्या वेळी कुठलं तरी वाक्य पायात येईल. तिथेच बसा. त्या प्रसंगात आपण कोण, हा प्रश्न विचारा, आणि लगेच येशूच्या बाजूला जाऊन उभे राहू नका. आपण बहुतेक वेळा दाटी करून दार अडवणाऱ्या गर्दीत असतो.

मग त्या वाक्यावरून आजच्या दिवसातलं एक काम काढा. एकच, आणि ते असं हवं की संध्याकाळी झालं की नाही हे सांगता यावं. 'कामगारांशी प्रेमाने वागेन' हे काम नव्हे, तो संकल्प झाला, आणि संकल्प दुपारी उन्हाने वितळतात, त्यात सोलापूरचा मे महिना असेल तर विचारायलाच नको. 'दुपारच्या पाळीत जॉबर (मागांवरचा मुकादम) उशिरा आला तर आधी कारण विचारेन, मग बोलेन' हे काम झालं. रात्री दिवा घालवायच्या आधी ते झालं की नाही एवढं बघा आणि प्रार्थनेत तेवढंच सांगा. याकोब आपल्या पत्रात म्हणतो ना, वचन नुसतं ऐकणारा माणूस आरशात तोंड बघून निघून जातो आणि आपण कसे दिसतो तेच विसरतो. तुमची 'सकाळी काय वाचलं ते आठवत नाही' ही तक्रार जवळजवळ तशीच तिथे आहे, पहिल्या अध्यायाच्या शेवटी. आणि याकोबाने त्यावर सांगितलेला इलाज पाठांतराचा नाही, करण्याचा आहे. जे केलं ते आठवतं. हाच याकोब पाचव्या अध्यायात मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे असं म्हणतो. सुटका नाही, भाऊ, हे वचन तुमच्या मागेच लागलंय.

स्टेटसबद्दल थोडं. यिर्मया 29:11 सुंदर वचन आहे, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. पण ओळींना क्रमांक देण्याची पद्धत पुष्कळ अलीकडची. नव्या कराराला आजचे क्रमांक 1551 साली एका फ्रेंच मुद्रकाने दिले. यिर्मयाने तर अखंड पत्र लिहिलं होतं, यरुशलेमेतून बाबेलात (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्या लोकांना. त्यात दहाव्या ओळीत आहे की हे व्हायला सत्तर वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण ते बघायला उरणार नव्हते. मग मधल्या काळात काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, लेकीसुनांचे संसार मांडा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. ही सातवी ओळ कोणाच्या स्टेटसला मी पाहिलेली नाही. तुम्ही ठेवून बघा. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू असं सगळं एका शेडमध्ये ऐकू येणाऱ्या शहरात ती ओळ अकराव्या ओळीपेक्षा जास्त काम करील.

यातूनच कारखान्यातल्या प्रार्थनेचं उत्तर येतं. सुरू करू नका. तुम्ही मालक आहात. तुम्ही डोळे मिटलेत की तेही मिटतील, आणि त्यातल्या कितींनी मनापासून मिटले हे तुम्हाला कधीच कळणार नाही. खंडेनवमीला तुम्ही बाजूला उभे राहता आणि कोणी तुमच्या हातात हार देत नाही, हा त्यांचा मोठेपणा आहे, तो तसाच परत करा. तुम्हाला प्रार्थना करायचीच असेल तर माग सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं एकटे जा आणि एकेका मागापाशी उभं राहून तो चालवणाऱ्याचं नाव घ्या. घरची माहिती नसेल तर तिथेच कळेल की आपल्याला काही माहीत नाही. साक्ष म्हणाल तर ती शनिवारी संध्याकाळी पगार वेळेवर हातात पडण्यात होते, आणि कामगार ती बरोबर वाचतात. त्यांना अध्याय-ओळ सांगावी लागत नाही.

पाण्याच्या दिवसाचं मात्र मी जरा कडक बोलणार आहे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली बाई घड्याळाशी झुंजत असते, पिंप, बादल्या, हंडे, वरची टाकी, मोटर, आणि पाणी जायच्या आत धुणं. तुम्ही त्याच वेळी आतल्या खोलीत पवित्र शास्त्र घेऊन बसता आणि हाक आली की 'वाचन चाललंय' म्हणता. मार्काच्या सातव्या अध्यायात परूशी, म्हणजे नियमशास्त्राच्या कडक पंथाच्या, लोकांची एक युक्ती सांगितली आहे: आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून टाकायचं, की द्यायला नको. देवाचं नाव पुढे करून घरच्या माणसाच्या हक्काचं काढून घ्यायचं. प्रभूने त्यावरून त्यांना फटकारलं होतं. पाण्याच्या दिवशी तुमचा शांत समय, म्हणजे रोजचं वाचन-प्रार्थना, नळावर. त्या दिवसापुरतं वचन एकच ओळ, आदल्या रात्री वाचून ठेवलेली, पाइप धरून मनात घोळवायला. वहिनींना सांगायला जाऊ नका की मी आजपासून बदलणार आहे. पाइप धरा.

तुमचा आवाज का चढतो त्याचं कारणही मला यातच दिसतं. पहाटे उठून आपण काहीतरी मोठं केलं आणि घराला त्याची कदर नाही, असं मनाच्या तळाशी बसलं की पहिल्या गळक्या बादलीला स्फोट होतो. म्हणून चार वाजता उठायचं मुळीच काढू नका. झोप कमी, राग जास्त. साडेपाच ठीक आहे, सहा झाले तरी चालेल.

वाचताना काही वाटत नाही, हे नेहमीच काही लपवल्यामुळे होतं असं मात्र समजू नका. तुमच्या बाबतीत एक कारण समोर आहे म्हणून मी त्यावर बोट ठेवलं. हिशोब मिटल्यावरही कोरडे दिवस येतील, त्याला इलाज नाही. स्तोत्र 88 काढून बघा. सबंध स्तोत्रात माणूस रात्रंदिवस धावा करतोय, उत्तर नाही, आणि शेवटच्या ओळीतही अंधारच आहे. बाकीची विलापस्तोत्रं बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. तरी ते शास्त्रात ठेवलं गेलं, उपासनेत गाण्यासाठी. काही वाटत नाही त्या दिवशी ते मोठ्याने म्हणावं आणि कामाला लागावं. मार्कात मन रमेनासं झालं तर संध्याकाळी एक स्तोत्र घरच्यांसोबत वाचा, आणि कुठलं ते तुम्ही न ठरवता वहिनींना ठरवू दे. त्यांना कुठली स्तोत्रं जवळची वाटतात हे तुम्हाला ठाऊक आहे का, हे मला खरंच जाणून घ्यायला आवडेल.

राहिलं पुस्तक. मननाची पुस्तकं चांगली असतात, पण आज एक ओळ आणि त्याखाली कोणीतरी तयार करून दिलेला बोध, असं वाचू लागलात तर पुन्हा दुसऱ्याचं चावलेलं खाल. तूर्त विकत घ्यायचीच असेल तर दोनशे पानी वही घ्या, नवी पेठेत कुठल्याही दुकानात मिळेल. पहिल्या पानावर त्या बाईंचं नाव आणि देणं असलेली रक्कम लिहा. देऊन आलात की शेजारी तारीख टाका. दुसऱ्या पानावर मार्क 1.